‘घरचा मामला’ आणि पाच पैशांचं तिकीट

सुदानच्या बातमीखाली कुणीतरी टाकलेला एक मेसेज आठवडाभर आमच्या जेलरोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गृहयुद्ध हा ज्या त्या देशाचा घरचा मामला आहे. बाहेरच्यांनी हात घातला की रक्तपात वाढतोच, लिबिया बघा. यूएनच्या सैनिकांनी आजवर एक माणूस वाचवलेला नाही. भारताने तर यात पडूच नये.

‘घरचा मामला’ हे १९७१ साली पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखानही सांगत होते. २५ मार्चच्या रात्री त्यांच्या लष्कराने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कत्तल मांडली आणि वर्ष सरेपर्यंत जवळपास १ कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली. एवढी माणसं दारात आल्यावर तो एकट्या त्यांच्या घरचा मामला कसा राहील? ७ डिसेंबरला यूएनच्या आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या असा ठराव केला. विरोधात मतं पडली फक्त ११. भारताचा त्यात स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्या १०४ देशांचं ऐकलं असतं तर कत्तल करणारं लष्कर ढाक्यातच राहिलं असतं.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. देशाची टपाल तिकिटं तेव्हा इथेच छापली जायची. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून पत्रावर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आत्याने सिन्नरहून पाठवलेलं तसं एक पाकीट आईने ट्रंकेत जपून ठेवलंय. नेहमीच्या तिकिटाला खेटून ते दुसरं, त्यावर अर्धाच उमटलेला शिक्का. आत्याला ढाका नकाशात दाखवता आलं नसतं, पण छावणीतल्या खिचडीत तिचे पाच पैसे होते.

आता ‘एक माणूस वाचवला नाही’. १९९४, आफ्रिकेतल्या रवांडाची राजधानी किगाली. देशभर तुत्सी जमातीची कत्तल सुरू होती. एका तंत्रशाळेत सुमारे २,००० माणसं यूएनच्या बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर आसऱ्याला होती. ११ एप्रिलला सैनिक ट्रकमध्ये बसून निघून गेले. मारेकरी बाहेर थांबलेलेच होते. त्याच शहरातल्या अमाहोरो स्टेडियममध्ये यूएनचे थोडे सैनिक टिकून राहिले आणि तिथली हजारो माणसं जगली. शहर तेच, महिना तोच, मारेकरीही तेच. फरक एवढाच, की एका फाटकावर पहारा राहिला आणि दुसऱ्यावरचा उठला. आणि त्याच महिन्यात, २१ तारखेला, सुरक्षा परिषदेने रवांडातलं सैन्य वाढवायचं सोडून २७० वर आणायचं ठरवलं. जुलैपर्यंत मेलेल्यांचा आकडा लाखांत गेला. हात न घालण्याचा हिशेब हा असा असतो. मेसेजमध्ये तो कुठेच नाही.

लिबियाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. मार्च २०११ च्या ठरावात परवानगी होती नागरिकांच्या संरक्षणाची. नाटोची विमानं गद्दाफीची राजवट पडेपर्यंत थांबली नाहीत, आणि नंतर देश सावरायला कुणी उरलं नाही. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला होता, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. पण यावरून एवढंच निघतं की परवानगीला हद्द हवी, मुदत हवी आणि नंतरची जबाबदारी कुणाची हे आधी लिहिलेलं हवं. डॉक्टरने चुकीचं ऑपरेशन केलं म्हणून कुणी दवाखाने बंद करा म्हणत नाही.

‘भारताने पडू नये’ म्हणणाऱ्यांनी दक्षिण सुदानमधलं अकोबो आठवावं. १९ डिसेंबर २०१३ ला यूएनच्या तिथल्या तळावर जीव वाचवायला नागरिक शिरले होते. मागून हत्यारबंद जमाव आला. त्यांना वाचवताना आपले दोन जवान गेले. त्याच महिन्यात यूएनने त्या देशातल्या इतर तळांचीही फाटकं उघडली आणि हजारो माणसं आत घेतली.

तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी आज ते पाकीट दाखवायला नेणार आहे.