सिंहस्थाच्या तयारीत गोदावरीला पहिला मान मिळावा

नाशिकमध्ये सध्या सिंहस्थाच्या, म्हणजे बारा वर्षांनी भरणाऱ्या कुंभमेळ्याच्या, तयारीविषयी जी चर्चा चालते, ती बहुतेक वेळा रस्त्यांची रुंदी, पुलांची संख्या आणि किती कोटी भाविक येतील याच्या अंदाजाभोवती फिरते. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी पर्वाचा आरंभ करणारे ध्वजारोहण व्हायचे आहे आणि प्रमुख स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. परंतु ज्या नदीत स्नान करण्यासाठी हे सारे चालले आहे, तिचा विचार या यादीत फार खाली येतो, आणि हे मला मनापासून खटकते.

गोदाघाटाचा खरा उत्सवी संसार दरवर्षीचा आहे. धुळवडीला घराघरांतले वीर, म्हणजे पूर्वजांचे टाक, गंगेवर (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) स्नानाला येतात आणि मानाचा दाजिबा वीर बाशिंग बांधून वाजतगाजत निघतो. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात. एरवी त्या रस्त्याखाली बुजवलेल्या असतात, वरून वाहने जातात, आणि त्या एका दिवशी ठरलेल्या रंगाच्या पाण्यात उड्या पडतात. चैत्र शुद्ध एकादशीला काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, देवाला पाठ न दाखवता, सबंध वाट उलटे चालतात. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ पलीकडे जुन्या नाशकात फिरून येतो आणि मग गोदावरीतल्या रामकुंडावर देवांना स्नान घातले जाते. या उत्सवांसाठी कोणी नदीचे पात्र बदलले नाही. कोणत्या घराण्याने, कोणत्या समाजाने, कोणत्या तालमीने काय करायचे हे ठरलेले असते, आणि ती माणसे ते करतात.

सिंहस्थाचे तसे नाही. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वासाठी मोठा निधी येतो, तो मुदतीत खर्च करावा लागतो, आणि त्या घाईत झालेली कामे पुढची कित्येक वर्षे शहराला सांभाळावी लागतात. गेल्या काही दशकांत रामकुंडाच्या परिसरातील अनेक प्राचीन कुंडांच्या तळाशी काँक्रीट टाकले गेले. घाट स्वच्छ दिसावा आणि भाविकांचे पाय चिखलात रुतू नयेत, हा त्यामागचा हेतू असेलही, पण त्या थराखाली जिवंत झरे दाबले गेले. २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात, सिंहस्थाचे पर्व अजून संपलेले नसताना, रामकुंड कोरडे पडले आणि त्यात टँकरने पाणी भरावे लागले. तीर्थावर टँकर उभा राहतो, तेव्हा नियोजनात मुळातच काही चुकले आहे हे मान्य करायला हवे. पुढे काही ठिकाणचे काँक्रीट काढण्याचे काम झाले, हे चांगलेच झाले. ते अर्धवट राहू नये.

सिंहस्थाच्या स्वरूपाला हात लावला तर परंपरा मोडेल, असे सांगितले जाते. मला हा युक्तिवाद पटत नाही. साधूंच्या शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्त कुंडावर आणि वैष्णव आखाड्यांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करावे, ही आजची व्यवस्थाच मुळी पेशवाईतल्या रक्तरंजित भांडणांनंतर रूढ झाली. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात उताराच्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला, आणि त्यानंतरच्या सिंहस्थात मिरवणुकीचा मार्ग बदलण्यात आला. रथोत्सवाची गोष्ट त्याहून कडू आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढच्याच महिन्यात रामाचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढण्याचा समझोता मोडून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्या वेळीही परंपरेचेच नाव पुढे केले गेले होते. माणसांच्या जिवासाठी आणि मानासाठी जी परंपरा बदलू शकते, बदलायलाच हवी होती, ती नदीसाठी का बदलू नये?

२०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर मोठ्या संख्येने विरोधाला उभे राहिले. त्यांना धर्मविरोधी ठरवणे अन्यायाचे आहे. कपिला नदी आणि गोदावरीच्या संगमावरचे ते वन हाच रामकथेशी जोडलेला या गावाचा वारसा आहे. साधूंच्या निवासासाठी जागा हवीच, ते आपले पाहुणे आहेत, परंतु ती झाडे राखून कशी करता येईल हे शोधणे नियोजनकारांचे काम आहे.

माझी मागणी साधी आहे. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांतून गोदावरीत मिसळणारे सांडपाणी ध्वजारोहणापूर्वी कोठे व किती अडवले गेले, याचा जाहीर हिशेब महापालिकेने द्यावा. उरलेल्या कुंडांतील काँक्रीट काढण्याचे वेळापत्रक प्रसिद्ध करावे. आणि घाटावरच्या प्रत्येक नव्या बांधकामाआधी पुरोहित, रथाचे मानकरी, रहाडी सांभाळणारी मंडळे आणि घाटावर रोज बसणारे फूलवाले यांना विचारावे, कारण २०२८ च्या चैत्रात, आखाडे परत गेल्यावरही, रथ याच घाटावर येणार आहे.