सातबारो निघता काय?

नवा कॉम्प्युटर मुद्दाम हळू चालवायला डोकं लागतं, हे कुणालाही पटवून देणं अवघड. वेंगुर्ल्यात तर फारच, कारण इथे पावसाची एक जोरदार सर आली की तो आपसूकच हळू चालतो. सावंतवाडीच्या चार चित्रकार मित्रांनी छोटंसं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि ‘तू प्रोग्रॅमर ना, मग तूही कायतरी ठेव’ म्हणून मलाही ओढलं. मी छाती फुगवून सांगून टाकलं: १९९५ सालचा डेस्कटॉप करतो. लोकांनी बसायचं, माऊस धरायचा, खिडक्या उघडायच्या-मिटायच्या. हात लावायची कला!

घरी आई म्हणाली, “जुनोच होयो होतो तर माळ्यावरचो काढ मा. नवीन जुनो कित्याक करतंस?”

या प्रश्नाला कलाजगतात अजून उत्तर नाही. मी लॅपटॉप घेऊन पडवीत जाऊन बसलो.

विंडोज ९५ बाजारात आलं २४ ऑगस्ट १९९५ला. त्याचा तो हिरवट-निळा पडदा जमवणं सोपं: लाल शून्य, हिरवा १२८, निळा १२८. पाऊस सरल्यावर आमच्या समुद्राला कधीकधी नेमका हाच रंग येतो असं मी एका चित्रकाराला बोलून गेलो, तर त्याने माझ्या चष्म्याचा नंबर विचारला. चित्रकारांशी रंगांवर बोलू नये.

खरा छळ बटणांनी केला. त्या काळातलं करडं बटण उठून दिसायचं ते निव्वळ रेघांच्या जोरावर. वर आणि डावीकडे पांढरी, खाली आणि उजवीकडे काळपट. म्हणजे ऊन डाव्या कोपऱ्यातून पडतंय अशी समजूत. बटण दाबलं की रेघांची अदलाबदल, आणि ते आत गेल्याचा भास. आजच्या ब्राउझरला हे रुचत नाही. त्याला सगळं गुळगुळीत करायची हौस. पिक्सेल मोठा केला की लगेच कडा पुसट करतो. ‘बाबा रे, चौकोन चौकोनच राहू दे’ हे त्याला दर चित्रापाशी बजावावं लागतं. चिन्हं ३२ गुणिले ३२ चौकटींत बसवायची. कचऱ्याच्या डब्याऐवजी मी बांबूचा हारा काढला. आईने चष्मा वर करून पाहिलं नि म्हणाली, “मोदकपात्र बरा काढलंस.”

खिडकी सरकवणं हे तर प्रकरणच वेगळं. माऊस दाबला, हलवला, सोडला. बस्स, एवढ्याच तीन घटना. पण हात जोरात गेला की माऊस पुढे पळतो, खिडकी मागे राहते आणि बटण सोडल्याचं तिला कळतच नाही. मग नंतर कधीतरी माऊस तिच्यावरून गेला रे गेला की ती पिच्छा पुरवते, काही केल्या सुटत नाही. उपाय असा की लक्ष ठेवायचं काम खिडकीकडून काढून अख्ख्या पानाकडे द्यायचं. शिवाय जिला हात लावाल ती खिडकी सगळ्यांच्या वर यायला हवी. त्यासाठी प्रत्येकीला आकडा असतो. जिचा मोठा ती वर. लग्नाच्या फोटोत सगळ्यात उशिरा पोचलेले मामा जसे बरोब्बर पुढच्या रांगेत मध्यभागी सापडतात, तसं.

सुरू होतानाचा तो प्रसिद्ध सूर ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचा. विंडोजसाठीचा हा सूर आपण मॅकवर, म्हणजे प्रतिस्पर्धी ॲपलच्या कॉम्प्युटरवर केला, हे त्यानेच पुढे सांगून टाकलं. तो परस्पर उचलणं बरं नव्हे, म्हणून मी आमच्या वाडीत मोटारसायकलवरून येणाऱ्या मासेवाल्याचा भोंगा रेकॉर्ड केला. पोंप्-पोंप्! नमुना झकास. फक्त कोडमधली एक ओळ बदलून मी पान पुन्हा उघडलं की स्वयंपाकघरातून आई टोप घेऊन बाहेर, “बांगडे इले काय रे?” आणि तिच्या पायात मांजर. आईला दोनतीनदा समजावल्यावर पटलं. मांजराला अजून नाही.

मग भाषेचा घोळ. नोटपॅडमध्ये मी सुबक मराठी मजकूर ठेवला होता. तो पाहून एक काटेकोर मित्र उखडला: “पंच्याण्णवच्या विंडोजमध्ये मराठी कुठली? देवनागरी धड यायला विंडोज २००० उजाडलं!” खरंच होतं. तोवर आपण वेगळे फॉन्ट घालून काम भागवायचो, आणि दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ‘आमंत्रण’ उघडल्यावर डॉलर, टक्के आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं दिसायची. तेव्हा इतिहासाला स्मरून मी माझा सुबक मजकूर स्वतःच्या हाताने बिघडवला.

एवढं होऊनही माझा जीव अडकला होता पत्त्यांत. कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचा तो पत्त्यांचा डाव, सॉलिटेअर, १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला. त्याचे पत्ते काढले सुझन केअरने, जिने त्याआधी मॅकिंटॉशची चिन्हं काढली होती. लोकांना माऊसने वस्तू ओढायचा सराव व्हावा हा त्यातला डाव. म्हटलं, सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने गंजिफा रंगवतात, तर आपले पत्ते तेच! दशावतारी गंजिफा: दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, एकूण १२० पानं. सगळी गोल. इथेच गाडं अडलं. चौकोनी पत्ता झाकला तरी कोपऱ्यातून आकडा डोकावतो. गोल पत्त्याला कोपराच नाही! वरचा पत्ता बसला की खालच्याची नुसती चंद्रकोर उरते, आणि तेवढ्यात मत्स्य की कूर्म हे ओळखायचं. त्यात दहापैकी पाच रंगांत लहान आकडा भारी धरतात. सॉलिटेअर जिंकल्यावर पत्ते उड्या मारत खाली येतात तो सोहळाही मी पुन्हा लिहिला होता, गोल पत्ते गडगडत जातील असा. तो आजवर माझ्याखेरीज कुणी पाहिलेला नाही, कारण तो डाव कुणाला सुटतच नाही.

प्रदर्शनात एका भंगारवाल्याकडून आणलेला जाडजूड मॉनिटर मांडला. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू गंजले होते, पण चित्र फक्कड. पहिलेच आले ते धोतर-टोपीतले एक काका. “ह्यात सातबारो निघता काय?”

“नाय हो काका, ही कलाकृती आसा.”

“मगे आठ-अ?”

दुपारी एका पतपेढीतून निवृत्त झालेले गृहस्थ आले. खुर्ची पुढे ओढली, रुमालाने काच पुसली आणि अर्धा तास तब्येतीत बसले. गंजिफा त्यांनी एकदा उघडून ‘कामाच्या वेळेत नको’ म्हणून मिटली. उठताना एकेक खिडकी रीतसर बंद करून शटडाऊन दाबलं आणि थांबून राहिले. त्या काळची मशीनं आपोआप विझत नसत, म्हणून शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची. ती मी हौसेने ठेवली होती, मराठीत: ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही.’

पतपेढीवाल्या काकांनी मान डोलावली, भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली केला. पंखे थांबले, चित्रांवरचे दिवे गेले, सगळा हॉल ओरडायला लागला. तेवढ्यात त्यांनी अभिप्राय-वहीखालचा टेबलक्लॉथ काढून मॉनिटरवर नीट चारी बाजूंनी घातला आणि अंधारात मला विचारलं,

“चावी कोणाकडे देवची?”