चिमण्या टॉवरने नेल्या नाहीत

20 मार्चचा जागतिक चिमणी दिन जवळ आला की तो संदेश फिरू लागतो. यंदा मला तो मावशीने पाठवला. मजकूर असा: मोबाईल टॉवरच्या लहरींनी चिमण्या संपल्या, नेदरलँड्समध्ये फाइव्ह-जीच्या चाचणीत शेकडो पक्षी मेले, या लहरींनी कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच मान्य केलंय, तेव्हा गच्चीवर टॉवर येऊ देऊ नका. मावशीची चिमण्यांसाठीची हळहळ खरी आहे, माझीही आहे. म्हणूनच चोर सोडून संन्याशाला सुळी दिलेली मला बघवत नाही.

"टॉवर आले आणि चिमण्या गेल्या." आधी तारखा पाहू. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि तिथे मोबाईलचं जाळं आलं 1985 साली. भारतातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 चा. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2020 चा अहवाल सांगतो की पंचवीसेक वर्षांत देशभरातली चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. घट दिसते ती मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. टॉवर तर आता खेडोपाडी आहेत. चिमण्याही तिथे आहेत.

मग शहरातून त्या का गेल्या? आजोळचं घर आठवा. कौलांखालची वळचण, तुळईचा सांधा, तसबिरीमागची जागा, सगळीकडे काड्या आणि कापूस. चिमणीला घरट्यासाठी पोकळी लागते. काचेच्या आणि गुळगुळीत प्लास्टरच्या इमारतीत ती कुठून मिळणार? आजी अंगणात सुपाने धान्य पाखडायची, कण्या-कोंडा तिथेच पडायचा. आता गहू निवडून पिशवीत येतो, नाहीतर थेट पीठच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पिल्लांना पहिले काही दिवस दाणे चालत नाहीत, अळ्या आणि किडे लागतात. अंगणात फरशी घातली, कुंपणाची मेंदी-कोरांटी काढून भिंत बांधली, उरलेल्या झाडांवर औषध फवारलं की किडे संपतात. मग मोठी चिमणी जगते, पिल्लू उपाशी मरतं.

"टॉवरने चिमण्या गेल्या हे सरकारी समितीनेही सांगितलंय," असंही लोक म्हणतात. 2010 साली पर्यावरण मंत्रालयाने अशी समिती नेमली होती, हे खरं. पण तिने आधी छापून आलेले शोधनिबंध गोळा करून तपासले. चिमण्यांची घट टॉवरमुळे झाली असं त्यातून सिद्ध झालं नाही. लहरींचा पक्ष्यांवर काहीच परिणाम होत नाही, असंही मी म्हणणार नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की शहरातल्या विद्युत उपकरणांतून निघणाऱ्या लहरींच्या गोंगाटात रॉबिन पक्ष्यांचं दिशा ओळखायचं चुंबकीय होकायंत्र बिघडतं. 2014 साली ते प्रसिद्ध झालं. पण त्या लहरी 5 मेगाहर्ट्झच्या आतल्या, म्हणजे जुन्या मीडियम वेव्ह रेडिओच्या पट्ट्यातल्या. मोबाईल चालतो शेकडो आणि हजारो मेगाहर्ट्झवर.

नेदरलँड्सची गोष्ट लवकर संपते. हेग शहरातल्या एका बागेत 2018 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीनशेहून अधिक साळुंकीच्या जातीचे पक्षी मेले. फाइव्ह-जीची चाचणी त्या शहरात झाली होती 28 जूनला, चार महिने आधी.

आता कॅन्सर. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 साली या लहरी '2बी' गटात टाकल्या: 'कदाचित कर्करोगकारक'. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. त्याच 2बी गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आहेत. पहिल्या, पक्क्या पुराव्याच्या गटात तंबाखू आहे आणि सुपारीही. पानटपरीसमोर उभं राहून टॉवरविरुद्ध सह्या गोळा होतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. त्यानंतर 2024 साली, याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाईल दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. कारणही समजण्यासारखं आहे: आपल्या मोबाईलच्या नेहमीच्या लहरींच्या एका कणातली ऊर्जा साध्या दिव्याच्या प्रकाशकणाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असते. पेशीतला डीएनए तोडायची ताकद तिच्यात नाही.

राहिली गच्ची. टॉवर लांब गेला की सिग्नल क्षीण होतो, आणि क्षीण सिग्नलवर हातातला फोन जास्त जोराने लहरी सोडतो, तोही अगदी कानाला लावलेला. म्हणजे टॉवर हाकलून डोक्याजवळचं उत्सर्जन वाढतं. टॉवरची मर्यादा भारताने 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली आहे. ती पाळली जाते का, हे मोजून मागायचा हक्क आपल्याला आहे आणि तो जरूर वापरावा.

मावशीच्या इमारतीची सध्या बाहेरून डागडुजी चालली आहे. पाइपांशेजारच्या भोकांत घरटी आहेत का ते बघूनच सिमेंट भरायला सांग, असं मी काल तिला फोनवर म्हटलं. आज तिने उत्तर पाठवलं: तिसऱ्या मजल्यावर दोन आहेत, कंत्राटदाराला थांबवलंय.