फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि ‘एका सूत्रात घोटाळा सिद्ध’: खुलासा

फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणजे हिशेबांतला घोटाळा पुराव्यानिशी शोधण्याचं काम. ‘फॉरेन्सिक अकाउंटिंगच्या पदवीत बेनफर्डचा नियम शिकवतात, आकडे त्यात बसले नाहीत की घोटाळा सिद्ध’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि याच भरवशावर मुलं प्रवेश घेतात म्हणून लिहिते आहे.

नियम खरा आहे. 1881 मध्ये खगोलशास्त्रज्ञ न्यूकम यांनी तो नोंदवला, 1938 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बेनफर्ड यांनी ढीगभर आकडेवारीवर तपासला. अनेक नैसर्गिक आकड्यांत पहिला अंक 1 असण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के असतं, 9 चं जेमतेम 4.6.

पण यातून मिळतो तो फक्त संशय. समजा, 5,000 च्या वर साहेबांची सही लागते आणि खर्चाच्या वहीत 4,900, 4,950, 4,980 अशी बिलं दाटीनं दिसतात. मग पहिला अंक 4 असण्याचं प्रमाण नियमापेक्षा फुगतं. कोणी मुद्दाम बिलं तोडली असतील, किंवा एखाद्या वस्तूचा ठरलेला दरच तेवढा असेल. उत्तर मूळ पावतीत, बँकेच्या उताऱ्यात आणि माणसांशी बोलण्यात सापडतं. म्हणूनच या अभ्यासात लेखापरीक्षणासोबत पुराव्याचा कायदा, मुलाखतीचं तंत्र आणि अहवाललेखन असतं. अहवाललेखनाला तर मुळीच कमी लेखू नका. दोषी कोण, हे मात्र न्यायालय ठरवतं.