पत्र तिचं आहे, ते तपासू नका

माझी लेक चौथीत आहे. तिची जिवलग मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये सांगलीहून नांदेडला गेली. पहिले काही दिवस दोघींचे व्हिडिओ कॉल झाले. मग कॉलवर नुसतं "काय करतेस?" "काही नाही, तू?" एवढंच उरलं. ते ऐकून तिचे आजोबा म्हणाले, "पत्र लिही की बाळ." आणि दुसऱ्या दिवशी पोस्टातून दोन आंतरदेशीय पत्रं घेऊन आले.

पहिलं पत्र मी तपासलं. तिथंच चुकलं माझं, आणि ते सांगायलाच आज लिहायला बसलेय. 'मि', 'आणी', 'वार्याने' असे शब्द दिसले की माझा हात राहत नाही. पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि म्हटलं, आता पाहून स्वच्छ लिहून काढ. तिने काढलं. अक्षर देखणं, वेलांट्या जिथल्या तिथे. पण नंतर तीन आठवडे तिने पत्राचं नावही काढलं नाही. विचारलं तर म्हणाली, "ते शुद्धलेखनाच्या वहीसारखं वाटतं."

मग नांदेडहून उत्तर आलं. अक्षर वाकडंतिकडं, दोन ठिकाणी खाडाखोड. त्यात मैत्रिणीने विचारलं होतं, "तो पडला आणि आपण खूप हसलो असं तू लिहिलंस. तो म्हणजे कोण?"

मी सगळ्या वेलांट्या पाहिल्या होत्या, पण हा 'तो' कोण हे मला खटकलंच नव्हतं. मला ठाऊक होतं ना, शेजारच्यांचं कुत्र्याचं पिल्लू! नांदेडला बसलेल्या पोरीला कुठून कळणार? त्या एका प्रश्नासाठी माझी लेक जेवण सोडून लिहायला बसली. पिल्लू कोणाचं, हौदाच्या कठड्यावर कसं चढलं, पाण्यात पडल्यावर कान कसे चिकटले आणि बाहेर आल्यावर अंग झाडून त्याने सगळ्यांना कसं भिजवलं, सगळं. आंतरदेशीयाची जागा संपली तेव्हा कडेच्या पट्टीवर आडवं लिहिलं. "निबंध लिही, दहा ओळी" म्हटलं की हीच मुलगी सहाव्या ओळीला अडकते.

समोर नसलेल्या माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा विचार तिने पहिल्यांदा केला तो तेव्हा. व्हिडिओ कॉलवर याची गरजच पडत नाही. पिल्लू उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं की झालं.

शुद्धलेखनाचं म्हणाल, तर तेही होतंय, फक्त माझ्याकडून नाही. मैत्रिणीच्या पत्रात 'वाऱ्याने' दिसलं आणि ही धावत आली. "आई, सूर्याचा र डोक्यावर आणि वाऱ्याचा र पोटात, असं का?" मग आम्ही 'र्य' आणि 'ऱ्य' मोठ्याने म्हणून पाहिले. 'आचार्य' म्हणताना जीभ थबकते, 'बिचाऱ्या' म्हणताना सरळ पुढे जाते. मोबाइलवर टाइप केलं की शब्द आपोआप पुढे येतो. हाताने लिहिताना थांबून ऐकावं लागतं.

पत्त्यावरूनही बरंच काही निघालं. सांगलीचा ४१६४१६ आणि नांदेडचा ४३१६०१, दोन्हींच्या सुरुवातीला ४ का? आजोबांनी सांगितलं की पहिला आकडा देशाचा मोठा विभाग दाखवतो आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस. एकट्या महाराष्ट्रात वडगावं किती, पिंपळगावं किती! चिठ्ठी नेमकी कुठे न्यायची हे कळावं म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे कवी. हे मलाही आजोबांकडूनच कळलं.

'ता. क.' ही आजोबांचीच शिकवणी. पत्र संपल्यावर जे आठवतं ते ताजा कलम. हे तिला इतकं आवडलं की आता मूळ पत्र अर्धं आणि ता. क. चार असतात.

शाळेत पत्रलेखन असतं, पण ते पत्र कोणालाच जात नाही. मागणीपत्र लिहायचं, गुण मिळवायचे, वही मिटायची. ज्या पत्राची कोणी वाटच पाहत नाही, त्यात मुलांनी जीव का ओतावा? म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलांनी खरोखरच्या मित्राला लिहिलेलं पत्र तपासू नका. त्यांनी विचारलं तर सांगा, वाचून दाखवलं तर ऐका. पाकीट त्यांनाच चिकटवू द्या, पेटीत त्यांनाच टाकू द्या.

पिंपळाचं पान, चित्र, स्टिकर असलं काही पाठवायचं असेल तर आंतरदेशीय चालत नाही, त्यात काही घालता येत नाही. त्यासाठी पाकीटच घ्या. आणि पहिलं पत्र टाकण्याआधी पलीकडच्या आईबाबांना एक फोन नक्की करून ठेवा. आमच्याकडे उत्तर यायला कधी दहा दिवस लागतात, कधी पंधरा. पत्र आलेलंच टीव्हीवर पडून राहिलं, तर इकडे एक पोर रोज पोस्टमनकाकांची वाट पाहत फाटकाशी उभं असतं.