जिप्सीच्या वाइडबँड सेन्सरबद्दल गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा १ तारा वाचला. तक्रारी चार आहेत: धुरातला ऑक्सिजन मोजणारा कंपनीचा सेन्सर असताना १८ हजारांचा दुसरा, वाइडबँड, गळ्यात मारला, २ दिवसांचं काम ९ दिवस चाललं, गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) करून दिली, आणि तो महागडा सेन्सर ३ महिन्यांत गेला. यातल्या दोन तक्रारी आम्हाला मान्य आहेत. उरलेल्या दोन मान्य नाहीत, पण त्याआधी चुकांचं बोलतो.

९ दिवस लागले, कारण तुमच्या नव्या हेडरला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) सेन्सरच्या आधीच्या जोडावर बारीक चीर होती. सायलेन्सरच्या नळीत दाब सतत वर-खाली होत असतो, त्यामुळे अशा चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसतो आणि इंजिन लीन आहे असा आकडा येतो. आम्ही दोन दिवस त्या खोट्या आकड्यावर पेट्रोल वाढवत बसलो. स्पार्क प्लग काळे निघाले, म्हणजे पेट्रोल उलट जास्त होत होतं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग वेल्डिंग, आणि सगळं पहिल्यापासून. तुम्हाला एक फोन करायला काय जात होतं? काहीच नाही. तो केला नाही, ही चूक आमची.

आता दुसरा सेन्सर कशाला, हा खरा प्रश्न. तुमच्या मित्राने कंपनीच्या सेन्सरला दिव्यांचं मीटर जोडलं, हिरवा दिवा लागला आणि "याच्यावरच ट्यून होतं की" असं ते म्हणाले. कंपनीचा सेन्सर नॅरोबँड. तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान बोलतो आणि साधारण ०.४५ ला बाजू बदलतो. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर प्रमाणात; १ च्या खाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि वर लीन. मिश्रण १ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच तो सांगतो. सावकाश चालताना इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तेवढंच लागतं: जरा रिच, जरा लीन, पुन्हा रिच. म्हणून तो सेन्सर आम्ही काढलेला नाही. तो जागेवरच आहे आणि हलक्या एक्सिलरेटरला नवा इसीयू आजही त्याचंच ऐकतो.

पण तुम्ही कॅम बदलून आणलात, हेडर बदललात, गाडी मातीतल्या स्पर्धांना न्यायची म्हणालात. तिथे पाय पूर्ण दाबलेला असतो. आंबा घाटाच्या चढणीला पहिल्या फेरीत ४,००० आरपीएमच्या पुढे वाइडबँडने लॅम्डा ०.९७ दाखवला. पूर्ण लोडला हे धोक्याचं आहे. असंच तापवत राहिलं तर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके) आणि मग पिस्टन जातो. आम्ही पेट्रोल वाढवत ०.८६ वर आणलं. आता गंमत बघा, ०.९७ ला नॅरोबँड ०.८ व्होल्टच्या आसपास देतो आणि ०.८६ ला त्याहून जेमतेम थोडं जास्त. त्यात नळी तापली की रिच बाजूचा व्होल्टेज आणखी खाली येतो. म्हणजे मित्राचा दिवा दोन्ही वेळा हिरवाच लागला असता. पिस्टन जळतानाही हिरवा.

वाइडबँडमध्ये आत एक छोटा पंप असतो, ऑक्सिजनचे आयन इकडून तिकडे ढकलणारा. मधल्या कप्प्यात लॅम्डा १ टिकवायला किती करंट लागतो, त्यावरून नेमका आकडा निघतो. बॉशचा एलएसयू ४.९ त्यासाठी हीटरने साधारण ७८० अंशांवर ठेवला जातो. महाग आहे तो यामुळे, माझ्या नफ्यामुळे नाही. ऑफिसला जायची कंपनी-फिटिंग गाडी असती तर मीच म्हणालो असतो, राहू दे, नॅरोबँड पुरे.

गाडी लीन केली, ही तक्रार मान्य नाही. सावकाश चालताना गेजवर १४.७ दिसतं आणि ई-२० पेट्रोलला १३.५ पाहिजे, असं तुम्ही लिहिलंय. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) चं हवा-पेट्रोल गुणोत्तर साधारण १३.५ आहे, हे बरोबर. पण सेन्सर हवा-पेट्रोल मोजत नाही, तो लॅम्डा मोजतो, आणि तुमचं गेज त्या लॅम्डाला १४.७ ने (साध्या पेट्रोलच्या गुणोत्तराने) गुणून दाखवतं. पेट्रोल कुठलंही भरा, गेजवर १४.७ म्हणजे लॅम्डा १. ई-२० भरून गेजवर १३.५ आणलंत तर गाडी लॅम्डा ०.९२ ला, उगाच रिच चालेल आणि पंपावर रडाल. गोंधळ साहजिक आहे, आमच्याकडचे नवे पोरगेही यात अडकतात. म्हणून मी आता सगळी गेजं लॅम्डावरच लावायला सांगितलीत. तुमचंही तसं करून देतो.

राहिला मेलेला सेन्सर. "रात्री गेजचा उजेड डोळ्यात येतो, फ्यूज काढून चालवावी लागते" हे तुमचंच वाक्य. फ्यूज काढला की हीटर बंद. सेन्सर मात्र धुरात तसाच, थंड, आणि त्यावर काजळी बसत जाते. कितीही भारी सेन्सर असला तरी तो असा मरतोच. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्ही सांगितलं नाही. आणि आणखी एक सांगायचं राहिलं: ट्यूनिंगपुरता गॅरेजचाच वाइडबँड लावून नंतर भोकाला प्लग मारता आला असता. तुम्ही डॅशबोर्डवर गेज हवं म्हणालात, मी लगेच हो म्हणालो. १८ हजार वाचवायचा रस्ता तुमच्यासमोर ठेवायला हवा होता.

तर नवा सेन्सर आमच्या खर्चाने, मजुरी नाही. गेजची वायर पार्किंग लाइटला जोडून देतो, रात्री उजेड आपोआप मंद होईल. गेज नकोच असेल तर किट परत द्या, सेन्सरची किंमत वजा न करता पैसे देतो.

तोवर मेलेला सेन्सर काढून ठेवा. त्या १८ एमएमच्या आट्यांचा प्लग उद्यमनगरातून करून आणलाय, काउंटरवर तुमच्या गाडीच्या नंबराने ठेवलाय. कुणालाही पाठवा.