केनेडींनी पाद्र्यांनाच पेचात पकडलं ते भाषण

निवडणुका आल्या की धर्मावरची भाषणं ऐकून कान किटतात. उतारा म्हणून मी अधूनमधून जॉन केनेडींचं ह्यूस्टनचं भाषण लावतो. १२ सप्टेंबर १९६०, राईस हॉटेल, समोर प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांची संघटना. केनेडी कॅथलिक, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, आणि तोवर अमेरिकेत एकही कॅथलिक राष्ट्राध्यक्ष झाला नव्हता. १९२८ मध्ये अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार उभे राहिले आणि सपाटून पडले. केनेडी आले तर देश पोपच्या तालावर नाचेल, अशी हाकाटी चालू होती. आठवडाभर आधीच प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्यासारखं बडं नाव असलेल्या एका गटाने कॅथलिक उमेदवाराच्या निष्ठेवर शंका घेणारं पत्रक काढलं होतं.

अशा वेळी कुठलाही उमेदवार काय करेल? आमचा धर्म कसा सहिष्णू, आम्ही कसे देवभोळे, हेच आळवत बसेल. केनेडींनी त्यातलं अवाक्षर काढलं नाही. सुरुवात केली ती वेस्ट व्हर्जिनियातल्या उपाशी मुलांपासून, डॉक्टरचं बिल न परवडणाऱ्या म्हाताऱ्यांपासून, फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून ९० मैलांवर आलेल्या साम्यवादापासून. खरे प्रश्न हे आहेत, असं म्हणून टाकलं. म्हणजे तुम्ही मला ज्यासाठी बोलावलंत तो विषयच मुळात दुय्यम आहे, हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत सांगून मोकळे. तेही आवाज न चढवता.

मग खरा डाव. टेक्सस म्हणजे बाप्टिस्टांचा बालेकिल्ला. केनेडींनी आठवण करून दिली की एकेकाळी व्हर्जिनियात बाप्टिस्ट उपदेशकांचाच छळ झाला आणि त्यातूनच जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. आज बळी मी असेन, उद्या तुमचा नंबर लागेल. जाब विचारायला बसलेल्यांना त्यांचाच इतिहास असा समोर धरून दाखवला. मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा आहे, योगायोगाने कॅथलिकही आहे, हे वाक्य सगळे उद्धृत करतात. मला मात्र बाप्टिस्टांची ही आठवण त्याहून भारी वाटते.

आणि अलामो! मेक्सिकोच्या सैन्याशी लढताना टेक्ससचे मूठभर लोक जिथे मेले ती जागा. टेक्ससच्या माणसासमोर अलामोचं नाव घेणं म्हणजे आपल्याकडे पावनखिंडीचं नाव घेण्यासारखं. तिथल्या लढाईतले नामांकित वीर बोवी आणि क्रॉकेट यांच्या खांद्याला खांदा लावून फ्वेंतेस, मॅकॅफर्टी, बेली, बाडिलो, केरी हेही मेले. ते कॅथलिक होते की नव्हते कुणालाच ठाऊक नाही, असं केनेडी म्हणाले. यामागची गंमत भाषणाचे लेखक टेड सोरेन्सन यांनी पुढे सांगितली. अलामोत किती कॅथलिक मेले ते शोधायला लावलं होतं, हाती नुसती नावं लागली, धर्माची नोंदच मिळेना. आकडा सापडला नाही आणि त्या नसलेल्या आकड्याचंच भाषणातलं सगळ्यात सुंदर वाक्य झालं. (टेक्सस मेक्सिकोकडे असताना तिथे वसायला येणाऱ्यांवर कॅथलिक होण्याची कायदेशीर सक्ती होती, ते मात्र वक्त्याने सोयीस्करपणे बाजूला ठेवलं!)

एक गोष्ट खटकते. सदसद्विवेक आणि देशहित यांत कधी पेच आलाच तर राजीनामा देईन, असं वचन ते देऊन बसले. असं वचन कुठल्या प्रॉटेस्टंट उमेदवाराकडे कुणी मागितलं होतं? पण मतं हवी असतील तर एवढं झुकावं लागतं, हेही त्यांना कळत होतं. नोव्हेंबरमध्ये ते अगदी काठावर जिंकले. टेक्ससही मिळालं, अर्थात टेक्ससचेच लिंडन जॉन्सन उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून सोबत होते म्हणूनही.

४७ वर्षांनी रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे मिट रॉम्नी टेक्ससमध्येच आपल्या मॉर्मन धर्मावर बोलायला उभे राहिले. येशू देवाचा पुत्र आहे अशी कबुली त्यांनी देऊन टाकली आणि तिथेच परीक्षकांचा अधिकार मान्य केला. शिवाय स्वातंत्र्याला धर्म लागतोच असंही म्हणाले. म्हणजे धर्म न मानणारे आपोआप कुंपणाबाहेर. पुढच्याच महिन्यात आयोवा राज्यातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत प्रतिस्पर्धी माइक हकाबींनी त्यांना हरवलं.

आपला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३(३), धर्माच्या नावावर मत मागायलाही मनाई करतो आणि धर्मामुळे एखाद्याला मत देऊ नका असं सांगायलाही. पहिल्या अर्ध्यावर आपल्याकडे कोर्टकज्जे, चर्चा, पॅनेल सगळं होतं. केनेडींना ह्यूस्टनला जावं लागलं ते दुसऱ्या अर्ध्यामुळे, आणि त्यावर आपल्याकडच्या प्रचारात कुणी ब्र काढत नाही.

भाषणानंतरची प्रश्नोत्तरंही मिळाली तर बघा. पाद्री सोडत नाहीत, आणि हा माणूस चिडत नाही.